कोऱ्या लोखंडाचं माप

कर्नलसाहेबांनी हातातल्या छडीनं चादरीवरचा ढीग असा काही कालवला, की सहा कार्बाइनींचे सगळे भाग एकमेकांत मिसळून गेले. बोल्ट, नळ्या, स्प्रिंगा, चाप, पिना, सगळंच. मग छडी काखेत मारून ते म्हणाले, "हां, अब जोडो."

मी चादरीपुढं मांडी घातली. मे महिना, डोंगराच्या पायथ्याचं गोळीबाराचं मैदान, डोक्यावर रणरणतं ऊन. मागं खुर्च्यांवर समितीचे पाच साहेब आणि अगदी टोकाच्या खुर्चीत आमचे निरगुडकर साहेब. ही कार्बाइन त्यांची. अकरा वर्षं त्या माणसानं ती कागदावर काढली, खोडली आणि पुन्हा काढली. दोन महिन्यांनी ते रिटायर होणार होते. आज पास झाली तर बंदूक फौजेच्या हातात, नापास झाली तर फाईल कायमची कपाटात. पण साहेब गुडघ्यावर हॅट ठेवून शांत बसले होते. शांत! कारण त्यांना काही माहीतच नव्हतं. जे काही माहीत होतं ते मला.

परीक्षा साधी होती. सहा बंदुका सुट्या करायच्या, भाग मिसळायचे आणि हाताला येईल तो भाग घेऊन परत सहा बंदुका उभ्या करायच्या. लढाईत एकाचा बोल्ट मोडला तर शेजारच्याचा काढून घालता यावा, म्हणून हा नियम. कुठलाही बोल्ट कुठल्याही नळीत बसला पाहिजे.

आणि आमच्या सहातला एकही बोल्ट दुसऱ्याच्या नळीत धड बसत नव्हता.

का बसत नव्हता, ते सांगतो. बोल्टच्या तोंडाशी दोन कान असतात. गोळी आत गेली की बोल्ट फिरतो आणि ते कान नळीच्या मागच्या खाचेत अडकतात, दाराची कडी बसावी तसे. कडी घट्ट झाली तर बंदूक अडते. ढिली झाली तर काडतूस मागं फुटतं आणि त्याची आग उडवणाऱ्याच्या तोंडावर येते. सगळा खेळ केसाएवढ्या फटीचा. ती फट निरगुडकर साहेबांनी गणित करकरून काढली होती आणि गणितात त्यांचा हात धरणारा कारखान्यात कुणी नव्हता. पण ते माप होतं कोऱ्या लोखंडाचं. तयार भागाला गंज चढू नये म्हणून आम्ही काळा मुलामा द्यायचो, त्यानं बोल्ट केसभर फुगायचा, खाच केसभर आवळायची, आणि कडी लागायचीच नाही. एवढी साधी गोष्ट! मुलाम्याच्या हौदाजवळ एकदा येऊन उभे राहिले असते तरी कळली असती. पण ड्रॉइंग ऑफिस वरच्या मजल्यावर, आमचं शॉप खाली, आणि मधला जिना साहेबांनी वर्षातून एकदा उतरायचा तो दसऱ्याला, पूजेच्या पेढ्यापुरता.

मी सांगायला गेलो नव्हतो असं नाही. पहिला बोल्ट अडला तेव्हा हातात घेऊन जिना चढलो होतो.

"साहेब, हा बसत नाही."

त्यांनी बोल्टकडं पाहिलंसुद्धा नाही. पेन्सिलीला टोक करता करता म्हणाले, "पांचाळ, ड्रॉइंग चुकत नसतं. हात चुकतो. परत करा."

"परत केला साहेब. तीनदा केला."

"मग चौथ्यांदा करा. आणि ड्रॉइंगच चुकलंय असं वाटत असेल तर त्रुटी-पत्रक भरा. तीन प्रतीत."

त्रुटी-पत्रक! ते भरायचं, फोरमनची सही घ्यायची, मग ते वर जायचं आणि दीड महिन्यानं "ड्रॉइंगप्रमाणे करावे" असा शेरा घेऊन खाली यायचं. मी दोनदा भरलं. दोन्ही वेळा तोच शेरा, तेच वळणदार अक्षर. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्यांदा मी फॉर्म मुकाट खणात टाकला आणि पेटीतली बारीक स्विस कानस काढली. एकेक बोल्ट त्याच्या त्याच्या नळीला लावून बघायचा, कुठं अडतो ते बोटांनी ओळखायचं, इथं दोन हात मारायचे, तिथं एक. तासाभरात बोल्ट असा बसायचा की काय सांगू! वर कळवलं, "ड्रॉइंगप्रमाणे केले." साहेब खूश. चार वर्षं मी हेच करत आलो. तळहातावर करंगळीखाली कानशीचा एवढा घट्टा पडला होता, की आमची हिराबाई म्हणायची, "या हातानं लेकराच्या गालाला हात लावू नका, ओरखडा उठतो."

मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला गंमतच वाटायची. वर साहेब छाती फुगवून ड्रॉइंगं मिरवताहेत आणि खाली बंदूक चालतीय ती आपल्या कानशीवर.

मग तीन दिवस आधी समितीचं पत्र आलं, की भाग मिसळून परीक्षा घेणार. प्रत्येक बोल्ट मी ज्याच्या त्याच्या नळीपुरता घासलेला. मिसळले की मेलोच. तेव्हा मी काय केलं असेल? बारीक पंच घेतला आणि बोल्टच्या पोटाखाली, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथं, ठिपके मारले. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे सहापर्यंत. नळ्यांनाही मागल्या अंगाला तसेच. भाग जोडायला कारखान्याचा फिटर बसणार असं पत्रातच लिहिलेलं होतं. म्हणजे मीच.

तर आता मी चादरीपुढं बसलो होतो आणि माझा अंगठा ठिपके मोजत होता. तीन ठिपक्यांचा बोल्ट उचलायचा, नळ्या उगाच इकडून तिकडं करायच्या, मध्येच "ही कशाला, ती घेऊ" असं पुटपुटायचं, आणि तीन ठिपक्यांची नळी उचलायची. नाटकात काम केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं. पंचवीस मिनिटांत सहाही कार्बाइनी उभ्या. फटीचं माप गेज लावून बघायचं ते उद्यावर होतं. आज फक्त जोडणी आणि पाच पाच गोळ्या. एका जवानानं सहा बंदुकांतून तीस गोळ्या झाडल्या. एकही अडली नाही.

"बहुत खूब!" कर्नलसाहेबांनी टाळी वाजवली आणि उठून निरगुडकर साहेबांचा हात हातात घेतला. "निरगुडकर साहब, मुबारक हो. चाय पीते हैं, फिर कागज़ पर दस्तख़त."

मी कपाळावरचा घाम पुसला. सुटलो एकदाचा! साहेब लोक मांडवाखाली चहाला गेले. मी चादर झटकत होतो, तेवढ्यात समोर दोन बूट येऊन थांबले. निरगुडकर साहेब. चहा सोडून आले होते.

"पांचाळ, एक बोल्ट द्या हो."

"कशाला साहेब?"

"अहो, अकरा वर्षांत हातात धरून नीट बघितला नाही. आज बघू दे."

आज! अकरा वर्षांत नाही आणि आज! मी नाइलाजानं एक काढून दिला. त्यांनी खिशातून ते ड्रॉइंग ऑफिसातलं भिंग काढलं. तो माणूस भिंगाशिवाय लग्नालासुद्धा जात नसेल. आधी कान बघितले, मग बोल्ट उलटा केला. मी मनात खंडोबाचं नाव घेत होतो.

"हे ठिपके कसले?"

"कुठले?"

"हे चार."

"मशीनचे असतील साहेब. चहा गार होईल तुमचा."

"दुसरा द्या."

दुसऱ्यावर दोन निघाले. साहेब चादरीपुढं गुडघे टेकून बसले, इस्त्रीच्या पँटीनिशी, आणि एकेक करून सहाही बोल्ट काढून बघितले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग नळ्या. माणूस गणिताचा. बेरीज करायला वेळ लागला नाही.

"तुम्ही घासलेत हे."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुमचं माप काळ्या मुलाम्यानंतर बसतच नाही साहेब. चार वर्षं बसलेलं नाही."

"मला सांगितलं का नाहीत?"

आता मात्र माझं डोकं सणकलं. "सांगितलं नाही? जिना चढून सांगितलं! तीन प्रतीत सांगितलं! 'ड्रॉइंगप्रमाणे करावे' हे कुणाचं अक्षर साहेब, माझं का?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, घेतला गिळून अपमान. पण ते उठले, गुडघ्यावरची माती झटकली आणि मांडवाकडं चालू लागले. कर्नलसाहेबांच्या दिशेनं.

मी धावलो आणि त्यांचा दंड धरला. फिटरनं ऑफिसरचा दंड धरायचा म्हणजे काय, पण धरला. "साहेब, कुठं निघालात?"

"परीक्षा परत घ्यायला सांगतो. जोडायला तुम्ही नाही बसायचं. जवान बसेल."

"डोकं फिरलंय का तुमचं? हातातोंडाशी आलेला घास आहे! सही करायला त्यांनी पेन काढलंय! आज सही होऊ द्या. माप आपण उद्या बदलू, गुपचूप, कुणाला पत्ता लागणार नाही."

"उद्या गेज लागेल."

"गेजच्या वेळी बोल्ट ज्याच्या त्याच्या घरात असतील. पास होईल!"

"आणि सहीनंतर माप बदलायला समितीची परवानगी लागते. वर्ष जाईल. तोवर या ड्रॉइंगवर पाच हजार बंदुका निघतील. त्या पाच हजारांना कोण घासणार? तुम्ही?"

"घासीन!" मी म्हणालो. रागानं म्हणालो, पण तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

"दोन महिन्यांनी रिटायर होताय," मी पुढं म्हणालो, "अकरा वर्षांचं वाटोळं करताय. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय, आणि माझी नोकरी घालवताय ते वेगळंच."

"तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही. चूक ड्रॉइंगची आहे." दंड सोडवून घेऊन ते गेले.

चूक ड्रॉइंगची आहे! चार वर्षं हेच एक वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते, आणि ते ऐकायला मिळालं ते असल्या मुहूर्तावर. मी कपाळाला हात लावून चादरीशेजारी बसून राहिलो.

मांडवात काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. कर्नलसाहेब दोनदा हसले, मग हसायचे थांबले. थोड्या वेळानं सगळे परत आले आणि चादरीपुढं माझ्या जागी एक जवान येऊन बसला. साताऱ्याकडचा नाईक होता, ढमाळ नावाचा. उमदा गडी. त्यानं भाग पटापट उचलले आणि खटाखट जोडायला घेतले. पहिली बसली. दुसऱ्या नळीत बोल्ट अडला. तळव्यानं ठोकून पाहिलं, हलेना. बाजूला ठेवला. तिसरीचंही तेच. चौथी कशीबशी बसली. पाचवी अडली. समितीतले एक साहेब वहीत लिहीत होते, आणि त्यांच्या पेनाची कुरकुर मला माझ्या कानात ऐकू येत होती.

शेवटी उरलेल्या नळीत बोल्ट लोण्यासारखा गेला. ढमाळ खुलला. खुर्च्यांकडं तोंड करून म्हणाला, "ही बघा साहेब, ही झकास बसली! जरा म्हणून अडली नाही."

कर्नलसाहेबही जरा सैलावले. "ठीक है, तीन तो हैं. फायर करके देखो. इसी से शुरू करो."

मी उभा राहिलो. कधी राहिलो ते कळलं नाही. ढमाळनं बोल्ट उचलला तेव्हा त्याच्या पोटाखालचे सहा ठिपके मला इथून दिसले होते. सहा नंबरचा बोल्ट मी सगळ्यात जास्त घासला होता, कारण सहा नंबरची खाच सगळ्यात आवळ. आणि जिच्यात तो बसला होता त्या नळीच्या मागल्या अंगाला ठिपके होते दोन, म्हणजे ती दोन नंबरची. सगळ्यात सैल. लोण्यासारखा जाईल नाही तर काय होईल!

ढमाळनं काडतुसं भरली. कार्बाइन खांद्याला लावली आणि गाल लाकडावर टेकवला. कोवळी दाढी, कानाशी चिकटलेला घाम. बोल्टपासून त्याचा डोळा चार बोटांवर होता.

निरगुडकर साहेब माझ्याकडं बघत होते. समितीकडं नाही, बंदुकीकडं नाही, माझ्याकडं.

"पांचाळ," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला यातलं कळत नाही. तुमच्या बोटांना कळतं. सांगा, याला चाप ओढू द्यायचा?"

देवाशपथ सांगतो, त्या क्षणी त्या माणसाचा मला जेवढा संताप आला तेवढा जन्मात कुणाचा आला नाही. स्वतः ओरडले असते की "थांबा" म्हणून! पण नाही. माझ्या तोंडानं वदवून घ्यायचं होतं. चार वर्षं खाली बसून मी मनातल्या मनात जिंकत होतो, ते सगळं आता एका शब्दात माझ्याच हातानं मोडायचं.

"नको," मी म्हणालो. मग परत ओरडलो, "नको! ढमाळ, बंदूक खाली ठेव! फुटेल ती!"

ढमाळनं कार्बाइन खाली ठेवली. कर्नलसाहेबांनी गेज मागवून लावलं, बघितलं आणि वहीवाल्या साहेबांना दाखवलं. कागदावर सही झालीच नाही. अर्ध्या तासात मांडव उतरवायला माणसं आली.

कारखान्यात आल्यावर लोकांनी मला सोलून काढला. "बोलायला कुणी सांगितलं होतं?" "साहेबाला हरिश्चंद्र व्हायचंय तर होऊ दे, तू कशाला रे डोंब झालास?" मीही साहेबांना शिव्या घालतच होतो. फाईल बंद झाली. सगळं संपलं असं मी धरून चाललो.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या भोंग्याला निरगुडकर साहेब जिना उतरून शॉपमध्ये. एका हातात स्टूल, दुसऱ्यात मायक्रोमीटर. माझ्या बाकड्याशेजारी स्टूल मांडून बसले.

"घासा," म्हणाले.

"काय घासा? बंदूक मेली साहेब."

"मेली ना? मग कुणाला घाई आहे? घासा. एक हात मारा आणि मला द्या."

दोन महिने! रोज आठ ते बारा! मी कानशीचा एक हात मारायचा, त्यांनी मोजायचं, वहीत लिहायचं. "आता का थांबलात?" "बोटाला लागलं साहेब." "काय लागलं?" "काय म्हणजे, लागलं!" "पांचाळ, 'लागलं' हे माप नाही. परत लावून बघा, कुठं लागलं ते दाखवा." एवढा वात आणला त्या माणसानं की विचारू नका. मुलाम्याच्या हौदावरही वाकले आणि शर्टाची बाही जाळून घेतली. रिटायरमेंटच्या दिवशी सगळी ड्रॉइंगं नव्यानं काढून झाली होती. एका पत्र्याच्या नळकांड्यात घालून, वर चिठ्ठी डकवून, त्यांनी ती रेकॉर्डच्या कपाटात ठेवून दिली. कुणी मागितली होती? कुणीही नाही. हार घातला, नारळ दिला, साहेब नाशिकला लेकीकडं गेले.

सात वर्षं गेली. मी बढती मिळून चार्जमन झालो. ड्रॉइंग ऑफिसात नवी पोरं आली, त्यातल्या कुणीतरी ते नळकांडं उघडलं. नळी बदलली, दस्ता बदलला, नाव बदललं, आणि पुन्हा समिती आली. यावेळी भाग मिसळले बारा बंदुकांचे आणि जोडायला जवान बसले. बाराच्या बारा बसल्या. बोल्टच्या कानांचं माप मी ड्रॉइंगवर जाऊन बघितलं. तेच होतं. शेवटच्या आकड्यासकट तेच.

ती बंदूक फौजेत जाऊन वर्ष झालं तेव्हा मी रजा टाकून नाशिकला गेलो. हिराबाई म्हणाली, "एवढं काय अडलंय? पत्र टाका." म्हटलं, त्या माणसाला पत्र टाकलं तर तो तीन प्रती मागेल.

साहेब आरामखुर्चीत होते. मोतीबिंदूनं डोळे गेल्यात जमा होते, पण आवाज ओळखला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं खूश होतील. कुठलं काय!

"बाराच्या बारा?"

"बाराच्या बारा."

"आधी कुणी कानस लावली होती?"

"नाही साहेब."

"पांचाळ, खरं सांगा. या वयात मला फसवू नका. तुम्ही एकदा फसवलंय मला."

"अहो साहेब, एवढ्या लांबून मी खोटं सांगायला आलोय का? नाही लावली! एक हातसुद्धा मारला नाही!"

"तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही. हात द्या इकडं."

"काय?"

"उजवा हात द्या."

मी चरफडत हात पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्यानं माझा तळवा चाचपायला सुरुवात केली. करंगळीखाली आले आणि थांबले. परत फिरवला अंगठा, जरा दाबून.

"घट्टा कुठंय?"

"गेला साहेब. कानस पेटीत पडून आहे. लागतच नाही आता."

बराच वेळ ते त्या मऊ जागेवर अंगठा फिरवत राहिले. मीही हात काढून घेतला नाही. मग त्यांनी मान वळवली आणि आत स्वयंपाकघरातल्या लेकीला ओरडून म्हणाले, "वत्सला, चहा टाक गं! दोन कप! माझी बंदूक पास झाली!"